बापाचा गुन्हा, लेकाची हजेरी

सलग तीन वर्षे पाऊस न पडणे म्हणजे काय, हे खटाव-माणच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. येरळा कोरडी पडते, विहिरींचे तळ दिसू लागतात, दावणीची जनावरे छावणीत नाहीतर बाजारात जातात. घरातली तरणी माणसे मुंबईची किंवा सोने-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्यासाठी परमुलखाची वाट धरतात. पहिल्या वर्षी लोक आभाळाला बोल लावतात, दुसऱ्या वर्षी सरकारला. तिसऱ्या वर्षी वडूजच्या आठवडे बाजारात कुणीतरी म्हातारा हळूच म्हणतो, ‘कुणाचं तरी पाप बाधतंय.’ पाप कुणाचे आणि ते कुणाला बाधते, हा प्रश्न फार जुना आहे. प्राचीन इस्राएली लोकांच्या धर्मग्रंथात तो नेमका अशाच तीन वर्षांच्या दुष्काळातून उभा राहतो.

शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकातला एकविसावा अध्याय दावीद राजाच्या काळातल्या दुष्काळाने सुरू होतो. राजाने देवाला कौल लावला. उत्तर आले की आधीचा राजा शौल याने गिबोनकरांना ठार मारले, त्या रक्ताचा दोष त्याच्या घराण्यावर आहे. हे गिबोनकर मूळचे परके. इस्राएलांचा पुढारी यहोशवा याच्या काळात फाटके कपडे आणि शिळ्या भाकरी दाखवून, दूरदेशचे असल्याचे भासवून त्यांनी इस्राएलांकडून अभयाचा करार मिळवला होता. फसवणूक उघड झाली तरी देवाच्या नावाने घेतलेली शपथ मोडता येईना. त्यांना जिवंत ठेवले, पण लाकडे फोडायला आणि पाणी वाहायला लावले. गावकुसाबाहेर राहून गावाची कामे करणारी माणसे आपल्याकडे होती, तशीच ही. शौलाने स्वजनांच्या अभिमानापोटी शपथ मोडून त्यांच्यावर हत्यार उगारले, असे हा अध्याय सांगतो.

दावीदाने गिबोनकरांना विचारले, भरपाई काय देऊ? त्यांनी सोने-चांदी नाकारली आणि शौलाच्या वंशातले सात पुरुष मागितले. राजाने ते दिले. शौलाचा मुलगा आणि आपला जिवलग मित्र योनाथान याला दिलेल्या शब्दामुळे त्याचा मुलगा मफीबोशेथ वाचला. शौलाची उपपत्नी रिस्पा हिचे दोन मुलगे आणि शौलाच्या मुलीचे पाच मुलगे यांना गिबोनकरांच्या हवाली केले गेले. सातू कापणीला आले होते, त्या दिवसांत डोंगरावर सातही जणांना एकदम टांगले. या सातांपैकी कुणी गिबोनकरांना मारल्याचा शब्दही ग्रंथात नाही. ते शौलाच्या रक्ताचे होते, एवढाच त्यांचा अपराध.

यानंतर रिस्पा येते. तिने गोणपाट घेतले, खडकावर पसरले आणि ती तिथे बसली. कापणीच्या सुरुवातीपासून आभाळातून त्या प्रेतांवर पाणी पडेपर्यंत तिने दिवसा पाखरांना आणि रात्री रानातल्या जनावरांना त्यांच्याजवळ फिरकू दिले नाही. त्या देशात सातूची कापणी वसंतात होते आणि पाऊस शरदात येतो. तो नेहमीच्या वेळी आला असे धरले, तर ही राखण पाच-सहा महिन्यांची ठरते. आपल्याकडे शाळवाच्या रानात पाखरे राखायला बाया बसतात, तशी ती बसली. फरक एवढाच की तिच्यापुढे पीक नव्हते, पोटची पोरे होती. आणि तिने फक्त आपली दोन राखली नाहीत. उरलेल्या पाचांच्या आईचा या डोंगरावर उल्लेखच नाही. पाठभेदांचा घोळ असा, की जुन्या हिब्रू पाठात ती आई मीखल आहे, पण मीखल निपुत्रिक मेली असे त्याच पुस्तकात आधी सांगितले आहे. म्हणून बरेच अनुवादक तिथे तिची बहीण मेरब हिचे नाव घेतात. यहुदी आचार्यांनी तोड काढली की मेरबने जन्म दिला आणि मीखलने वाढवले. कुणीही असो, सातही देह रिस्पाने राखले.

संपूर्ण ग्रंथात रिस्पा एक शब्दही बोलत नाही. याआधी ती एकदाच आली आहे, तीही पुरुषांच्या भांडणातला विषय म्हणून. शौलाच्या मृत्यूनंतर त्याचा सेनापती अबनेर तिच्याकडे गेला, असा आरोप शौलाच्या गादीवर बसलेला त्याचा मुलगा ईश-बोशेथ याने केला आणि त्या वादात राज्य फिरले. तिला कुणी काही विचारले नाही. अशी बाई डोंगरावर बसते, आणि ज्या राजाने तिची मुले दिली त्याला हलावे लागते. तिने काय केले हे दावीदाच्या कानावर गेले. तो उठला, याबेश-गिलादमधून शौल आणि योनाथान यांची हाडे त्याने मागवली, टांगलेल्या सातांची हाडेही गोळा करवली, आणि बन्यामिनाच्या मुलखात शौलाचा बाप कीश याच्या कबरीत मूठमाती देवविली. ग्रंथकार लिहितो की त्यानंतर देवाने देशासाठी केलेली विनवणी ऐकली.

हे ‘त्यानंतर’ मला या अध्यायाचा कणा वाटते. सात जणांना टांगल्यावर देव प्रसन्न झाला असे ग्रंथ म्हणत नाही. प्रेते महिनोन् महिने उघडी राहिली, आणि तीही कायद्याविरुद्ध. फाशी दिलेल्याचे प्रेत रात्रभर झाडावर ठेवू नये, त्याच दिवशी पुरावे, असा स्पष्ट दंडक याच धर्मग्रंथातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. राजाने कराराचा मान राखण्यासाठी माणसे दिली, पण मेलेल्यांचा मान राखला नाही. तो त्यांच्यातल्या एका आईने राखला आणि राजाला राखायला लावला. विनवणी ऐकली गेली ती या दुसऱ्या कामानंतर.

राजकारणाकडेही डोळेझाक करून चालणार नाही. शौलाने गिबोनकरांची कत्तल केल्याची हकीकत या पुस्तकात दुसरीकडे कुठेच नाही. कौल लावणारा दावीद, ऐकणारा दावीद, आणि आधीच्या घराण्यातले सात पुरुष गेल्याने ज्याची गादी पक्की झाली तोही दावीदच. शौलाच्या कुळातला शिमी दगड भिरकावत दावीदाला खुनी म्हणून शिव्या देतो, तो प्रसंग याच पुस्तकात पाच अध्याय आधी आहे. लिहिणाऱ्यांनी तो गाळला नाही. आपल्या लाडक्या राजावरचा आरोप जपून ठेवणारा ग्रंथ प्रामाणिक मानला पाहिजे.

आता व्यापक प्रश्न. बापाच्या पापासाठी मुलाला धरावे का? इस्राएली धर्मग्रंथ याचे एक उत्तर देत नाही. तो स्वतःशीच भांडतो. निर्गम पुस्तकातल्या दहा आज्ञांमध्ये, देव बापांच्या अन्यायाचे शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत करतो असे म्हटले आहे. त्याच दमात दया हजारो पिढ्यांवर करतो असेही आहे, हे आपण वाचताना विसरतो. काही अभ्यासक सांगतात की चार पिढ्या म्हणजे एका छपराखाली नांदणारे एकत्र कुटुंब; कर्त्याने केलेले पणतवंडालाही भोवते, हा त्यातला अनुभव. सावकाराचा कागद अंगठा उठवणाऱ्याबरोबर सरणावर जात नाही, हे सातारा-सांगलीतल्या शेतकऱ्याला ठाऊकच आहे. पण परिणाम भोगावे लागणे वेगळे आणि शिक्षा करणे वेगळे. हा भेद पुसला गेला की आखानाचे होते ते होते. यरीहोच्या लुटीतला झगा, चांदी आणि सोन्याची वीट त्याने लपवली म्हणून यहोशवाच्या काळात त्याला मुला-मुलींसकट दगडांच्या माऱ्याला सामोरे जावे लागले.

याविरुद्धचा कायदाही तिथेच आहे. अनुवादाचा चोविसावा अध्याय बजावतो की मुलांसाठी बापाला आणि बापासाठी मुलांना जिवे मारू नये. ज्याने त्याने आपल्या पापासाठी मरावे. तो पाळला गेल्याची नोंद राजांच्या पुस्तकात मिळते. बापाचा खून करणाऱ्यांना अमस्या राजाने मारले, पण त्यांच्या मुलांना सोडले, आणि ग्रंथकाराने त्याचे कारण म्हणून याच नियमाचा हवाला दिला. राजाने मारेकऱ्यांची मुले सोडली ही गोष्ट मुद्दाम लिहून ठेवावीशी वाटली, यावरून त्या काळची रीत काय होती ते उमगते.

मग बाबेलचे निर्वासन आले. देश उद्ध्वस्त झालेले, परक्या मुलखात बसलेले लोक एक म्हण घोकत होते: बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि दात आंबले मुलांचे. द्राक्षाच्या मुलखात, तासगाव-विट्याकडे, ही म्हण सांगितली तर कुणी अर्थ विचारणार नाही. संदेष्टा यिर्मया म्हणाला की ही म्हण बंद होईल असे दिवस येतील. दुसरा संदेष्टा यहेज्केल याने थांबायचे नाकारले. आपल्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात तो आजा, बाप आणि नातू अशा तीन पिढ्या खटल्यासारख्या उभ्या करतो. नीतिमानाचा मुलगा दुष्ट निघाला तर बापाचे पुण्य त्याला वाचवणार नाही; त्या दुष्टाचा मुलगा चांगला निघाला तर बापाचे पाप त्याला लागणार नाही. पुढे तालमूद या यहुदी ग्रंथातल्या एका आचार्याने उघडच म्हटले की मोशेने जे ठरवले ते यहेज्केलने रद्द केले. आपल्याच सर्वोच्च गुरूचा निर्णय नंतरच्या संदेष्ट्याने फिरवला असे मानण्याची ही हिंमत मला थक्क करते. रिस्पाच्या मुलांबद्दलही त्या आचार्यांना अस्वस्थ वाटले. कायद्याविरुद्ध मुलांना का दिले, असे विचारून त्यांनी उत्तर दिले की परक्यांना दिलेला शब्द मोडून देवाच्या नावाला बट्टा लागण्यापेक्षा शास्त्रातले एक अक्षर उपटलेले बरे. दुबळ्या गिबोनकरांना दिलेल्या शपथेची एवढी किंमत धरणे थोर आहे. पण ती सात निरपराधांनी का चुकवावी, याचे उत्तर मला त्यात सापडत नाही.

शेजारच्या देशांतही हाच पेच होता. बाबेलच्या हम्मुराबीच्या संहितेत, गवंड्याने बांधलेले घर पडून मालकाचा मुलगा मेला तर गवंड्याच्या मुलाला मारावे असे कलम आहे. हित्ती राजा मुर्सिली दुसरा याने इसवी सनापूर्वीच्या चौदाव्या शतकात महामारीच्या वेळी केलेल्या प्रार्थना मातीच्या पाट्यांवर मिळाल्या. बापाने मिसरशी केलेला करार मोडला, म्हणून प्रजा मरते आहे, आणि बापाचे पाप मुलाला भोगावे लागते हे खरेच आहे, असे तो देवांपुढे कबूल करतो. मोडलेला करार, मग अरिष्ट, मग पुढच्या पिढीची भरपाई. दावीदाच्या दुष्काळाची मांडणी याच वळणाची आहे. मुर्सिलीच्या प्रार्थनेत रिस्पा तेवढी नाही.

आपल्याकडे वाल्या कोळ्याची गोष्ट पोराटोरांनाही पाठ असते. नारदाने विचारल्यावरून वाल्या घरी जाऊन पुसतो, माझ्या पापात तुम्ही वाटेकरी आहात का? बायको-मुले नाही म्हणतात. ही गोष्ट आपण कुटुंबाच्या स्वार्थीपणाची म्हणून सांगतो. मला मात्र त्या घरच्यांचे उत्तर यहेज्केलच्या बाजूचे वाटते: पाप ज्याचे त्याचेच. तरीही पितृदोषाच्या शांती करणारे आपणच, आणि ‘त्याच्या आज्यानं काय केलं ठाऊक आहे का’ म्हणत सोयरीक मोडणारेही आपणच.

हे सगळे दूरच्या डोंगरावरचे राहिले असते तर बरे झाले असते. पण बापाच्या गुन्ह्यासाठी मुलाला धरणारा कायदाच आपल्या जिल्ह्यात लागू होता. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यामागचा युक्तिवाद असा की सुताराचा मुलगा सुतार आणि विणकराचा मुलगा विणकर होतो, तसा काही जातींत माणूस जन्मतःच गुन्हेगार असतो. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि १९२४ मध्ये आणखी घट्ट केला गेला. रामोशी, मांग, बेरड, पारधी, कैकाडी अशा लोकांच्या नोंदी झाल्या, बोटांचे ठसे घेतले गेले. चावडीवर हजेरी द्यायची, गाव सोडताना परवानगी घ्यायची. काहींना सोलापूर, बारामती, विजापूर, हुबळीकडच्या वसाहतींत तारेच्या कुंपणाआड ठेवले. सोलापुरात त्या भागाला लोक अजूनही सेटलमेंट म्हणतात. या कायद्यातले एक कलम मला सर्वांत क्रूर वाटते: सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सरकारी शाळांत ठेवण्याचा अधिकार. मूल हातून जाताना त्या आयांनी काय केले असेल, याच्या नोंदी कुणी ठेवल्या नाहीत. रिस्पाला निदान एक लिहिणारा मिळाला.

या मुलखाला लिहिणारा मिळाला तो अण्णाभाऊ साठे यांच्या रूपाने. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा हा लेखक. १९५९ साली आलेली त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी जत्रेच्या मानाची जोगणी गावात आणताना जीव गमावणाऱ्या बापाच्या, राणोजीच्या कथेने सुरू होते आणि हजेरीच्या जाचातून त्याच्या मुलाच्या बंडापर्यंत जाते. फकिराची आई राधा कादंबरीत डोंगरासारखी उभी आहे. फकिरा शेवटी सरकारच्या हाती येतो तो लढाईत हरून नव्हे. आपल्या माणसांवरचा जाच थांबावा म्हणून तो स्वतः हजर होतो. घरच्यांना धरून बंडखोराला वाकवणे हे दावीदाच्या सौद्याचेच दुसरे रूप आहे.

साताऱ्याला ते नवे नव्हते. छत्रपती प्रतापसिंहांची कैफियत घेऊन सुमारे चौदा वर्षे लंडनला झगडलेले रंगो बापूजी १८५७ च्या कटात इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. त्यांचा मुलगा सीताराम मात्र लागला. ८ सप्टेंबर १८५७ ला साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना मारले. काहींना फाशी, काहींना गोळ्या, काहींना तोफेच्या तोंडी. सीतारामवर कटाचा स्वतंत्र आरोप होता हे खरे, पण बाप सापडला नाही म्हणून घराण्यावर राग निघाला हे सातारकर विसरले नाहीत. १९४२ च्या चळवळीतही सरकारने देशभर गावेच्या गावे सामुदायिक दंडाखाली आणली. वडूजच्या कचेरीवरचा ९ सप्टेंबर १९४२ चा मोर्चा आणि परशुराम घार्गे यांच्यासह गोळीबारात पडलेले नऊ जण आमच्या तालुक्याला तोंडपाठ आहेत. त्यांच्या आयांची नावे मात्र फार थोड्यांना सांगता येतील.

प्रेतावर सत्ता गाजवण्याची गोष्टही इथली आहे. ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात उमाजी नाईकांना फाशी दिल्यावर, दहशत बसावी म्हणून त्यांचा देह तीन दिवस पिंपळाला टांगून ठेवला, असे सांगितले जाते. २३ मार्च १९३१ ला लाहोरात फाशी गेलेल्या आपल्या खेडच्या राजगुरूंचा देह आईच्या हाती दिला गेला नाही; भगतसिंग आणि सुखदेव यांच्यासह तो सतलजच्या काठी घाईने जाळण्यात आला. रिस्पाला डोंगरावर बसू दिले होते. एवढी मोकळीकही या घरांना मिळाली नाही.

उलट्या दिशेने चालणारेही होते. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१८ साली महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली आणि फासेपारध्यांना राखणदारीच्या नोकऱ्या दिल्या. त्या काळच्या हिंदुस्थानात हा यहेज्केलचा न्याय होता, आणि तो आमच्या शेजारच्या गादीवरून दिला गेला. मुंबई प्रांतात १९४९ ला आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ ला गुन्हेगार जमातींचा कायदा गेला. पण त्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि संशयाची जुनी वही नव्या पुठ्ठ्यात राहिली. फलटण तालुक्यातल्या लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही आत्मकथने स्वातंत्र्यानंतरची आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने अलीकडे दोनदा या प्रश्नाला हात घातला. ३ ऑक्टोबर २०२४ ला, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगांच्या नियमावलीतली जातीवरची कामवाटणी त्याने घटनाबाह्य ठरवली. विमुक्त जमातीचा म्हणून कुणाला सराईत गुन्हेगार समजू नये आणि मनमानी अटक करू नये असेही बजावले. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला, आरोपीचे घर पाडण्याच्या प्रकरणांत, अमरावतीचे भूषण गवई आणि के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने सांगितले की एकावरच्या आरोपासाठी घरातल्या सगळ्यांना बेघर करणे ही सामूहिक शिक्षा आहे आणि घटनेला ती मान्य नाही. अनुवादातले ते कलम अमस्याने पाळल्याला सुमारे अठ्ठावीसशे वर्षे झाली, तरी ते पुन्हा सांगावे लागते.

गिबोनकरांचे दुःख खोटे नव्हते. त्यांना न्याय हवा होता आणि तो त्यांचा हक्क होता. शौलाच्या घराण्याने हिरावलेला मान आणि सुरक्षितता परत देणे हा न्याय झाला असता. आज्याने लुबाडलेले नातवाकडे असेल तर ते परत मागणे योग्यच आहे. वारसाने येते ते देणे. गुन्हा वारसाने येत नाही. गिबोनकरांनी सोने नाकारून रक्त मागितले आणि राजाने ते दिले, इथे चूक झाली. डोंगरावरची बाई एकटी ती ओळखून होती, असे माझे मत आहे.

यंदाही कुठेतरी शेळ्या जातील, विहिरीवरची मोटर जाईल, आणि फिर्याद लिहून व्हायच्या आत कुणीतरी गावाबाहेरच्या पालांकडे बोट दाखवील. आपल्या गावातले पोलीस पाटील, सरपंच, शाळेतले गुरुजी आणि हे वाचणारे तुम्ही, एवढे करा: त्या वेळी पुढे होऊन विचारा की पुरावा काय आहे. आणि त्या पालातले पोर शाळेत आले, तर पटावर नाव लिहिताना त्याच्या बापाबद्दल चौकशी करू नका.